धुऱ्यावरचा पाला आणि सोडलेल्या चार ओळी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, विजेच्या बिलांचा आहे, पीकविम्याच्या पैशाचा आहे. एवढे सगळे असताना तणावर भाषण कशाला, असे काही जणांनी सकाळी विचारले. तणाचा विषय म्हणजे निंदणाच्या मजुरीचा विषय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण मी आज उभ्या तणाबद्दल बोलणार नाही, निंदून धुऱ्यावर फेकलेल्या तणाबद्दल बोलणार आहे. त्या ढिगात आजीच्या बटव्यातले बरेचसे औषध असते. त्याच ढिगात दोन-चार विषे असतात. आणि ज्याला पारख आहे त्याच्यासाठी त्यात थोडाफार पैसाही असतो. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कशा काढायच्या, एवढाच आजचा विषय.

झाडपाला म्हटले की दोन प्रकारची माणसे उभी राहतात. एक म्हणतो, आपल्या ऋषिमुनींनी सगळे लिहून ठेवले आहे, डॉक्टरची गरजच नाही. दुसरा म्हणतो, ही सगळी अडाणी माणसांची समजूत आहे. दोघांचेही एक बरे असते, दोघांनाही काही तपासून पाहावे लागत नाही. आपण शेतकरी आहोत. आपल्याला तपासल्याशिवाय परवडत नाही.

निंदणारीला काय माहीत असते

कृषी महाविद्यालयात तणाची व्याख्या शिकवतात: नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण. व्याख्या पिकाच्या बाजूने बरोबर आहे. पण त्या पुस्तकात तणाच्या नावापुढे फक्त दोनच गोष्टी असतात, पिकाचे किती नुकसान होते आणि कोणते तणनाशक मारायचे. निंदणाऱ्या बाईला तिसरी गोष्ट माहीत असते. तरोटा, ज्याला कोणी टाकळा म्हणतात, तो कोवळा असताना भाजीला आणि त्याचे बी गजकर्णाला. कुर्डूची भाजी, आणि बी मुतखड्याच्या काढ्यात. माका केसांच्या तेलात. पायात रुतणारा सराटा म्हणजेच गोखरू, लघवीच्या तक्रारीवर. आघाड्याची काडी दातांना. भुईआवळा काविळीवर. निर्गुडीचा पाला सुजेवर शेकायला. एका पातेवर बसलेल्या पाच बायांकडून अर्ध्या तासात वीस नावे निघतात.

आता हे ज्ञान आले कोठून? सगळेच काही पोथीतून आलेले नाही. विळा लागला की बाया एका पाल्याचा रस जखमेवर पिळतात. त्याला कोठे एकदांडी म्हणतात, कोठे दगडी पाला, आपल्याकडे कंबरमोडी. ही वनस्पती या देशाची नाही. ती मूळची मध्य अमेरिकेतली. चरकाने ती कधी पाहिलेली नाही, सुश्रुतालाही ती ठाऊक असण्याचे कारण नाही. मग तिच्या रसाने रक्त थांबते हे शोधले कोणी? शेतात काम करणाऱ्या माणसांनीच. बाहेरून आलेले एक तण त्यांनी पाहिले, लावून बघितले, गुण दिसला तेव्हा शेजारणीला सांगितले.

मायबहिणींनो, हे मी मुद्दाम सांगतो. तुमचे ज्ञान प्रयोगातून आलेले आहे. प्रयोग चालू असतो तोवर त्याला ज्ञान म्हणायचे. प्रयोग थांबला आणि नुसते पाठांतर उरले, की त्याची समजूत होते. आणि समजुतीवर जीव टांगून ठेवता येत नाही.

चार ओळी सोडून द्या

प्रयोग म्हणजे काय हे शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. समजा दुकानदाराने एक टॉनिक दिले. तुम्ही ते सगळ्या कपाशीवर मारले. आठ दिवसांनी पाऊस आला, कपाशी हिरवीगार झाली. श्रेय कोणाला? टॉनिकला! दुकानदार पुढच्या वर्षी दोन बाटल्या देतो. पण ज्याने चार ओळी न फवारता सोडल्या, त्याला कळते. त्या चार ओळीही तितक्याच हिरव्या झालेल्या असतात. म्हणजे काम पावसाने केले आणि पैसे टॉनिकवाल्याने नेले.

औषधाचेही असेच आहे. पुष्कळ दुखणी आपोआप बरी होतात. दूषित पाण्याने होणारी कावीळ घ्या. बहुतेक धडधाकट माणसांची ती काही आठवड्यांत आपल्या आपण उतरते. त्या काळात माणसाने भुईआवळा घेतला, गळ्यात माळ घातली, किंवा काहीच केले नाही, तरी ती उतरते. ज्याचे औषध चालू असते त्याचे नाव होते. म्हणून कावीळ उतरवणारे गावोगाव असतात. पण गरोदर बाईला तीच कावीळ झाली तर ती जीवघेणी ठरू शकते. तिथे माळेची वाट पाहत बसायचे नसते.

भुईआवळ्याची गोष्ट शास्त्रज्ञांनी टाळली नाही, तपासली. १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी ब जातीच्या काविळीचे विषाणू अंगात बाळगणाऱ्या लोकांवर तो वापरून पाहिला आणि 'लॅन्सेट' या विलायतेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापला. भुईआवळा घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसतीच खोटी गोळी दिलेल्या २३ जणांत एकाचीच झाली. केवढी आशा वाटली असेल! पण पुढे थायलंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा तसा गुण आला नाही. ही नाउमेद करणारी बातमी असली तरी प्रामाणिक आहे. एका शेतात आलेले उत्पन्न दुसऱ्या शेतात येत नसेल, तर त्या बियाण्याची शिफारस आपणही करत नाही.

आणि जे तपासणीत टिकते त्याचे मोल सगळ्या जगाला द्यावे लागते. आपल्या कुंपणाचा अडुळसा घ्या. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचे औषध निघाले, आज ते औषधांच्या दुकानात मिळते. चीनमध्ये एका रानवनस्पतीवर तू यूयू नावाच्या बाईंनी काम केले. काढा उकळला की गुण जात होता. दीड हजार वर्षांपूर्वीच्या पोथीत त्यांना उल्लेख सापडला की पाला पाण्यात भिजवून पिळावा, उकळावा असे म्हटलेले नाही. त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, आणि हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पोथीने दिशा दाखवली, सिद्ध केले ते प्रयोगाने.

सापाचे मूळ आणि विंचवाचा आघाडा

आता जिथे प्रयोगालाही वेळ नसतो, त्याबद्दल बोलतो.

साप चावला की अमुक मूळ उगाळून पाजा, असे सांगणारा माणूस प्रत्येक शिवारात असतो. तो म्हणतो, मी शंभर माणसे वाचवली. तो खोटे बोलत नसेल. पण शिवारातले बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी पुरते विष अंगात जातेच असे नाही. त्या शंभरातली पुष्कळशी माणसे काहीही न करता वाचणारी होती. म्हणजे त्या सोडलेल्या चार ओळीच. पण ज्याच्या अंगात नागाचे, मण्यारचे, घोणसचे किंवा फुरशाचे विष उतरले आहे, त्याला प्रतिविषाच्या लशीशिवाय दुसरा उपाय नाही. मूळ शोधायला गेलेला तास त्याच्या आयुष्यातून वजा होतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. यात मोठा वाटा खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या माणसांचा.

विंचवाचे पाहा. विंचवावर आघाड्याचे मूळ, मंत्र, चुना, सगळे चालत आले. कोकणातला लाल विंचू चावला तर धडधाकट पोर फुफ्फुसात पाणी होऊन मरत असे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखातले. १९७०च्या दशकात महाडच्या बाजूला सरकारी दवाखान्यात असताना ते रोग्याजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, सगळे लिहीत गेले. त्यातून त्यांना विष हृदयावर काय करते ते उमगले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे साधे, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. मृत्यू झपाट्याने खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती, वही होती. जे दिसले ते त्यांनी वहीत लिहिले. आपल्याला हेच करता येणार नाही का?

एकच झाड औषधही आणि विषही

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते इथे कोणी विसरलेले नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. फवारणीतल्या ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या विषावर दवाखान्यात अॅट्रोपीनची इंजेक्शने देतात. हे अॅट्रोपीन कोणत्या कुळातले? आपल्या उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्याच्या! धोतऱ्यात त्याच जातीची द्रव्ये असतात. मग कोणी म्हणेल, विषबाधा झाली की धोतऱ्याचे बी द्या. असे केले तर माणूस हातचा जाईल. दवाखान्यात डॉक्टर नाडी आणि डोळ्याची बाहुली बघून थेंबाथेंबाने मात्रा वाढवतो. धोतऱ्याच्या एका बोंडात किती द्रव्य आहे ते झाडागणिक, जमिनीगणिक बदलते. फरक वनस्पतीत नाही, मापात आहे. जिथे माप नाही तिथे ते विषच समजायचे.

दुसरा पिवळा धोतरा, रब्बीच्या ज्वारीत काटेरी पानांचा उगवतो तो. याचे बी मोहरीसारखे दिसते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याचे तेल मिसळले गेले. अंगावर सूज येऊन साठाच्या वर माणसे मेली. गावात त्याचा पिवळा चीक खरजेला लावतात. पण त्याचे बी घरात, गोठ्यात, धान्यात येता कामा नये.

तिसरी गोष्ट गुळवेलीची. करोनाच्या साथीत २०२० साली घरोघर काढे उकळले. मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये गुळवेल घेतलेले आणि यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. त्यांनी ते २०२१ साली छापले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही खरी गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. वाद राहू द्या. आपल्या कामाचे एवढेच की सारखी दिसणारी वेल ओळखता आली पाहिजे, आणि ज्याला यकृताचा आजार आहे किंवा ज्याचे शरीर आधीच स्वतःवर उलटलेले आहे, त्याने महिनोन्‌महिने काढा पिऊ नये. झाडाचे आहे म्हणून अपाय होत नाही, हे वाक्य डोक्यातून काढून टाका. तंबाखूही झाडाचीच आहे.

आणि एक इशारा फक्त आपल्यासाठी, शहरातल्या माणसाला तो लागत नाही. तणनाशक वापरू नका असे सांगायला मी आलेलो नाही. निंदणाला माणूस मिळत नाही, मिळाले तर मजुरी परवडत नाही, हे मला दिसते. पण ग्लायफोसेट मारलेले तण चार-सहा दिवस हिरवेच दिसते. पहाटे नवऱ्याने धुऱ्यावर पंप मारला आणि दुपारी बायकोने तिथलाच माका खुडला, असे होऊ देऊ नका. पॅराक्वाट पोटात गेले तर त्याला उतारा नाही. ज्या धुऱ्याचा पाला घरात येतो, तो धुरा पंपातून वगळा. फवारणी झाली की घरात सांगा. भाजी, औषध आणि बकरीचा चारा, तिन्हीला हा नियम.

शांती नगरची डबी

आता पैशाचे बोलू.

मुंबईच्या कडेला मीरा रोड आहे. तिथे शांती नगर नावाची इमारतींची मोठी वसाहत आहे. तिथल्या नोकरदार माणसाला ना धुरा, ना बांध. त्याला गुळवेल, माका, गोखरू पाहिजे असेल तर दुकानात जाऊन चूर्णाची डबी घ्यावी लागते. डबीवर कंपनीचे नाव असते, वजन असते, छापील किंमत असते. जिने ते खुडले, वाळवले, तिचे नाव कोठे असते? कोठेच नाही. कापसाचे तेच, तुरीचे तेच, आणि तणाचेही तेच!

पण याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शहापूर आहे. तिथल्या कातकरी तरुणांनी आपली संस्था काढली, वनधन केंद्र उभारले, आणि रानातली गुळवेल गोळा करून, वाळवून, प्रतवारी लावून थेट कंपन्यांना द्यायला सुरुवात केली. २०२१ साली त्यांच्या हाती सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी होती, असे केंद्र सरकारने जाहीर केले. त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. माल एकत्र केला, आणि वाळवून, साफ करून, एका नावाचा दिला. एकेकट्याने पोते घेऊन गेले असते तर व्यापाऱ्याने वजनात, ओलाव्यात आणि भावात तिन्हीकडे कापले असते.

हे ऐकून उद्या कपाशी मोडून औषधी वनस्पती लावायला धावू नका. २०००च्या आगेमागे सफेद मुसळीची लाट आली होती, ती ज्यांनी पाहिली ते इथे बसले आहेत. बेणे सोन्याच्या भावाने विकले, खरेदीची हमी कागदावर दिली. पीक निघाले तेव्हा भाव कोसळला आणि हमी देणारे कितीतरी सापडले नाहीत. त्यात ज्यांनी बेणे विकले त्यांनीच कमावले. उलट अंजनगाव सुर्जीकडे पानमळेवाल्यांनी पानपिंपळीचे पीक वर्षानुवर्षे टिकवले आहे, कारण ओळख, हत्यार, बाजार, तिन्ही त्यांच्या हातात आहेत. म्हणून माझे सांगणे असे: जे आपोआप उगवते, ज्याचे निंदण तसेही करावेच लागते, त्याचाच हिशेब आधी करा. तरोट्याचे बी व्यापारी घेतो, त्याचा गोंद परदेशी जातो. आपल्या बाजारात त्याचा भाव काय, हे इथल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करा. पाहा, चार हात.

लिहिलेले टिकते

शेवटचा मुद्दा मालकीचा. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले. आपली आजी जे करत आली त्याचे पेटंट! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने दावा लावला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कशाच्या जोरावर? छापील पुराव्याच्या. जुने ग्रंथ आणि आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकातला जुना लेख दाखवता आला म्हणून. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात परदेशातले तोंडी ज्ञान पुरावा म्हणून चालत नव्हते. आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, एवढे म्हटले असते तर हरलो असतो.

हळदीचे लिहिलेले होते. निंदणाऱ्या बाईचे कोणी लिहिले आहे? २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. तुमच्या गावाची नोंदवही तुम्ही पाहिली आहे का? तालुक्यात बसून एकाच गावाची यादी दहा गावांना चिकटवली असेल, तर ती आपल्या कामाची नाही. २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथात नोंदलेल्या ज्ञानाला आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभाच्या वाटणीतून सूट दिली. म्हणजे वाटा मागायचा झाला तर तो लोकांच्या तोंडी असलेल्या ज्ञानावरच मागता येईल, आणि नेमके तेच नोंदलेले नाही.

म्हणून प्रत्येक गावशाखेने या हंगामात तीन कामे करावी, असा ठराव मी मांडतो.

पहिले, वही. निंदणाऱ्या जुन्या बायांजवळ बसून वनस्पतीचे गावातले नाव, कोणता भाग, कशावर, किती, कोणाला देऊ नये, हे लिहावे. वाळवलेली फांदी कागदाला चिकटवावी आणि कृषी विद्यापीठातून तिचे शास्त्रीय नाव करून आणावे. ज्यांना गुण आला त्यांच्याबरोबर ज्यांना आला नाही त्यांचीही नोंद करावी. या सोडलेल्या चार ओळी वहीत नसतील तर वही खोटी. वहीवर सांगणाऱ्या बाईचे नाव असावे आणि वही ग्रामसभेच्या ताब्यात राहावी.

दुसरे, पाटी. गावाच्या चावडीवर मोठ्या अक्षरांत लिहावे: साप, विंचू, फवारणीची विषबाधा, गरोदर बाईची कावीळ, लहान मुलाचा ताप आणि हगवण, यांवर घरगुती औषध करत बसू नये. प्रतिविषाची लस कोणत्या दवाखान्यात आहे ते तिथेच लिहावे. नसेल तर ती मिळवण्यासाठी मोर्चा काढायला मी पुढे आहे.

तिसरे, भाव. जवळच्या बाजारात तरोटा, गोखरू, माका, गुळवेल कोण घेतो, वाळलेल्या मालाचा दर काय, ओलावा किती चालतो, एवढे पुढच्या बैठकीला कागदावर आणावे. भाव कळल्याशिवाय गोळा करू नये, आणि गोळा केले तर एकट्याने विकू नये.

ज्या तणाने आपल्या कपाशीचा घास खाल्ला, त्याच्याकडून थोडे वसूल करायचा आपल्याला हक्क आहे. पण त्यासाठी ते ओळखले पाहिजे, मोजले पाहिजे आणि लिहिले पाहिजे. ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांनी, आणि त्यात मायबहिणींनी आधी, हात वर करावेत.